कोयासानला आईंना घेऊन एक रात्र, आणि उतरताना लोकलच का घ्यायची

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते लिहिते म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही कळेल. शुक्रवारपर्यंत तुमचं ओसाका बघून होतंय, शनिवार-रविवार मोकळे आहेत आणि रविवारी रात्री ११ च्या सुमाराला कान्साई एअरपोर्टवरून परतीचं विमान आहे. बरोबर मिसेस, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई. आईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या कांदा-लसूण खात नाहीत. तर कोयासानच्या मठात शनिवारी रात्री राहायचं का सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं, आणि येताना कुठली ट्रेन धरायची. कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की एका दिवसात सगळं बघून होतं, राहायचा खर्च उगाच.

माझं उत्तर, राहा. आणि येताना एक्स्प्रेस घेऊ नका, साध्या लोकलने उतरा आणि मधे कुदोयामा नावाच्या स्टेशनवर दोन तास थांबा. तुम्ही आईंना घेऊन चाललाय म्हणून हे दुसरं तर मी जास्तच जोर देऊन सांगतेय, कारण खाली नीट लिहितेच. मी ओसाकात राहते, आपल्याकडून येणाऱ्या लोकांना कोयासानला घेऊन जाणं हे माझं कामच आहे, त्यामुळे गुडघे, जेवण, अंघोळ, थंडी या सगळ्या शंका मला पाठ आहेत.

एका दिवसात होतं म्हणणारे खोटं बोलत नाहीत, देवळं बघून होतात. पण ते लोक साधारण ११ ला वर पोचतात, त्याच वेळी बाकीचे सगळे पोचलेले असतात, आणि ४ वाजता बसच्या रांगेत उभे राहतात. डोंगराचा खरा दिवस त्याच्या आधी आणि नंतर असतो. ५ वाजता दुकानं बंद होतात, रस्ते रिकामे होतात, मठातून घंटा ऐकू येते, आणि सकाळी ६-६:३० ला मठामठात प्रार्थना सुरू होते. हे दोन तुकडे बघायचे असतील तर रात्र वर काढण्याला पर्याय नाही.

जागेबद्दल जरा सांगते कारण नुसतं "जपानी बौद्ध मठ" म्हणून गेलात तर अर्धं सुटतं. कोयासान म्हणजे एक मठ नाही, साधारण ८०० मीटर उंचीवर डोंगरांच्या कुशीत एक सपाट खोरं आहे आणि त्यात १०० च्या वर मठ-मंदिरांचं एक अख्खं गाव वसलंय, शाळा, पोस्ट, दवाखाना सगळं आहे, युनिव्हर्सिटीसुद्धा आहे. त्यातले ५० च्या आसपास मठ पाहुण्यांना राहायला घेतात, त्याला शुकुबो म्हणतात. ८१६ साली कूकाई नावाच्या भिक्षूला सम्राटाने ही जागा दिली, लोक त्यांना कोबो दाईशी म्हणतात. हे ८०४ साली समुद्रातून चीनला गेले आणि तिथे ज्यांच्याकडे शिकले ते हुइगुओ हे अमोघवज्रांचे शिष्य, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या वज्रबोधींच्या परंपरेतले. ज्या महावैरोचन सूत्रावर इथली बरीचशी उपासना उभी आहे ते चिनी भाषेत नेलं ते नालंदाहून आलेल्या शुभकरसिंहांनी. कूकाई तिथे संस्कृतही शिकले. त्यामुळे इथे होम होतो, मंत्र संस्कृतातले असतात (उच्चार चीनमार्गे जपानला आल्यामुळे ओळखायला वेळ लागतो), आणि थडग्यांच्या दगडांवर सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीत अ, व, र, ह, ख अशी पाच महाभूतांची अक्षरं कोरलेली असतात. आपली माणसं ते बघून जी गप्प होतात ना, ते मी दर वेळी बघते आणि मला दर वेळी तितकंच बरं वाटतं.

आता जायचं कसं. ओसाकातल्या नांबा स्टेशनवरून नानकाई कंपनीची कोया लाईन निघते. जेआर पास, म्हणजे परदेशी प्रवाशांसाठीचा जपान रेल्वेचा पास, इथे चालत नाही हे आधीच लक्षात ठेवा, बऱ्याच लोकांना ते तिथे गेल्यावर कळतं. जाताना मात्र खुशाल लिमिटेड एक्स्प्रेस घ्या, सगळी रिझर्व्ह सीट असते, जास्तीचे पैसे पडतात पण आई आरामात बसतील आणि दीड तासाच्या आत गोकुराकुबाशीला पोचाल. तिथे ट्रेन संपते आणि त्याच स्टेशनातून केबल कार लागते, ती पाचेक मिनिटांत सव्वातीनशे मीटर वर नेते. ही केबल कार १९३० पासून आहे, डबे मात्र नवे आहेत, २०१९ चे. तिचा फलाट आणि आतली जमीन दोन्ही पायऱ्या-पायऱ्यांची आहे, आईंना घाई करू देऊ नका, दार उघडलं की लोक पळतात, तुम्ही पळू नका, सगळ्यांना घेतल्याशिवाय ती जात नाही. वर पोचल्यावर बस घ्यावीच लागते, स्टेशनपासून गावापर्यंतचा पहिला रस्ता फक्त बससाठी आहे, चालायला मनाई आहे. इकोका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं ट्रेन-बसचं कार्ड) चालतं. नानकाईचं जाऊन-येऊन तिकीट अधिक वरच्या बसचा पास असं एकत्र तिकीट मिळतं त्याची सध्याची किंमत निघायच्या आधी बघून घ्या, चौघांचे बऱ्यापैकी पैसे वाचू शकतात.

मोठ्या बॅगा वर नेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. मठात लिफ्ट क्वचितच असते, लाकडी जिने उभे आणि गुळगुळीत असतात, आणि बसमध्ये बॅगा ठेवायला जागा नसते. तुमचं विमान रविवारी आहे ना, तर ओसाकातल्या हॉटेलच्या काउंटरला सांगून मोठ्या बॅगा कुरिअरने थेट एअरपोर्टला पाठवा, ताक्युबिन म्हणतात त्याला, पण ते शुक्रवारी सकाळपर्यंत व्हायला हवं म्हणजे वेळेत पोचतात. काउंटरवर फ्लाईटचा नंबर आणि टर्मिनल विचारतात, पावती सांभाळून ठेवा. बरोबर प्रत्येकाची एक छोटी पाठपिशवी, बस्स.

मठ निवडताना लोक फोटो बघून बाग छान दिसली की बुक करतात. तुम्ही चार गोष्टी विचारा, तळमजल्यावरची खोली मिळेल का, टॉयलेट किती लांब आहे, जेवायला आणि प्रार्थनेला आईंसाठी खुर्ची मिळेल का, आणि प्रायव्हेट बाथ किंवा बाथरूमवाली खोली आहे का. कोयासानच्या शुकुबो असोसिएशनची बुकिंगची साईट आहे, तिथून विनंती टाकता येते, इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. दोन जेवणं धरून माणशी साधारण १२ ते २० हजार येन पडतात, त्याहून महागही आहेत. शनिवार लवकर भरतो, पानं लाल होतात तेव्हा म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि १३ ऑगस्टच्या मेणबत्त्यांच्या उत्सवाला तर कित्येक महिने आधी बुक करावं लागतं.

गुडघ्यांचं बोलायचं तर तातामीवर म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर गादी घालून झोपायचं असतं, म्हणजे जमिनीवरून उठणं आलंच. काही मठांत बेडच्या खोल्या आता झाल्यात, मिळाली तर आईंसाठी तीच घ्या. नाही मिळाली तर एकावर एक दोन गाद्या मागा, देतात, आणि खोलीतल्या बुटक्या टेबलाला धरून उठता येतं. प्रार्थनेच्या हॉलमध्ये बऱ्याच ठिकाणी स्टुलं ठेवलेली असतात, संकोच करू नका, म्हाताऱ्या जपानी बायकाही स्टुलावरच बसतात.

अंघोळ हा नाजूक विषय, पण बोलायला हवा. बायकांची आणि पुरुषांची वेगळी पण सामाईक न्हाणीघरं असतात आणि आत कपडे न घालता जायचं असतं. आपल्या आया याला तयार नसतात आणि त्यांना आग्रह करू नये. बाथरूमवाली खोली नसेल तर संध्याकाळी मठाने दिलेल्या वेळेत अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी जा, तेव्हा आत कोणी नसतं, मिसेस दारात थांबल्या की झालं. सकाळी अंघोळीची सोय बहुतेक ठिकाणी नसते, तर "अंघोळ केल्याशिवाय प्रार्थनेला कशी बसू" हा प्रश्न येणारच आहे. प्रार्थनेच्या दालनाच्या दारात सुगंधी चूर्ण ठेवलेलं असतं बऱ्याच मठांत, ते चिमूटभर हातावर घेऊन दोन्ही हातांना चोळायचं, ती तिथली शुद्धी. आईंना आदल्या दिवशी हे सांगून ठेवा.

जेवणाबद्दल मात्र निश्चिंत राहा. आईंसाठी अख्ख्या जपानात याहून सोपी जागा मिळणं कठीण. मठातलं जेवण म्हणजे शोजिन र्योरी, त्यात मांस-मासे-अंडी नाहीतच, कांदा-लसूणही नाही, कारण साधनेला ते वर्ज्य. बाहेर जपानमध्ये शाकाहारी म्हणून जे देतात त्याच्या रश्श्यातसुद्धा बऱ्याचदा सुक्या माशाचा अर्क असतो, इथे तो अर्क केल्प या समुद्री शेवाळाचा आणि शिताके मशरूमचा असतो. तुमच्या आई मशरूम खात नसतील तर बुकिंग करतानाच सांगा, आयत्या वेळी बदलणं त्यांना जमत नाही. कंदमुळं भरपूर असतात, कमळाचं देठ, मुळा, गाजर, सुरणासारखे कंद, त्यामुळे कोणी जैन मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी तेही आधी लिहून कळवावं. दोन पदार्थ इथले खास आहेत, कोयादोफु म्हणजे गोठवून वाळवलेला तोफू, रस्सा पिऊन टम्म फुगलेला, आणि गोमादोफु, याला तोफू म्हणतात पण सोयाबीन नसतं, तीळ वाटून कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्त्वात घोटून केलेला, मऊ आणि गार. तिखट काही नसतं. लोणच्याची बाटली काढायची इच्छा होते सगळ्यांना, पण जेवणाच्या खोलीत काढू नका, पहिले पाच-सहा घास सपक लागतात, मग जीभ शांत होते आणि तिळाची, मुळ्याची चव कळायला लागते. जेवण ५:३० किंवा ६ ला असतं, म्हणजे ४ पर्यंत, फार तर ५ पर्यंत मठात हजर व्हा, उशीर होणार असेल तर फोन करा, तिथे भिक्षूच स्वयंपाक वाढतात आणि वाट बघत बसतात. रात्री ९ नंतर दार बंद. भूक लागणाऱ्यांसाठी मुलीची बिस्किटं खोलीत असू द्या.

शनिवारी दुपारी काय बघायचं. दानजो गारान हे मुख्य आवार, त्यात कोन्पोन दाईतो नावाचा शेंदरी रंगाचा स्तूप आहे, जवळपास ४९ मीटर उंच, आत्ताचा १९३७ चा आहे कारण आगीत तो पुन्हा पुन्हा जळाला. आत मधे महावैरोचन बुद्ध, भोवती चार बुद्ध आणि १६ खांबांवर बोधिसत्त्व, म्हणजे तुम्ही मंडलाच्या चित्रात शिरून उभे राहता असं ते रचलंय. इथे आईंना बाकावर बसवा, सपाट आहे, आणि मुलीला तिथल्या पाईनच्या झाडाखाली सोडा, या झाडाला तीन-तीन सुयांचे झुपके येतात, गळून पडलेला तीन सुयांचा झुपका शोधायला लोक तासभर वाकून फिरतात. कूकाईंनी चीनच्या किनाऱ्यावरून फेकलेलं वज्र या झाडावर सापडलं अशी कथा आहे. मग कोंगोबुजी, तिथला दगडांचा बगीचा जपानमधला सर्वात मोठा, पण आईंना आवडेल ती आतली स्वयंपाकघराची खोली, चुलीवर तीन प्रचंड हंडे आहेत, तिन्ही मिळून २,००० माणसांचा भात व्हायचा. म्युझियम वेळ उरला तरच.

ओकुनोइन मात्र दोनदा जा, शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी. हे कूकाईंचं समाधिस्थान. ८३५ साली ते गेले असं इथे कोणी म्हणत नाही, ते आत ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे, आणि त्यांना आजही रोज दोन वेळा जेवण नेतात, सकाळी ६ ला आणि १०:३० ला. समाधीपर्यंत जाणारा जुना रस्ता २ किलोमीटर, दोन्ही बाजूला शेकडो वर्षांचे देवदार आणि त्यांच्या मधे २ लाखांहून जास्त थडगी आणि स्मारकं, शेवाळलेली, कललेली. सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा आहे, तो ज्यांच्याशी लढला ते ताकेदा आणि उएसुगी हे सरदारही आहेत, आयुष्यभर एकमेकांचे गळे धरणारे सगळे एकाच सावलीत. मुलीला नव्या भागातली स्मारकं आवडतील, एका कंपनीचं रॉकेटच्या आकाराचं आहे, आणि वाळवी मारणाऱ्या लोकांनी मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलंही आहे.

रात्री जेवणानंतर तुम्ही, मिसेस आणि मुलगी इचिनोहाशी पुलापासून आत जा, वाटेवर दिवे असतात, टॉर्च घ्या. आईंना रात्री नेऊ नका, दगड उंचसखल आहेत आणि दमट असतात. त्यांना रविवारी सकाळी बसने ओकुनोइन-माए स्टॉपला उतरवा, तिथून वाट छोटी आणि बरीच सपाट आहे. शेवटचा पूल ओलांडला की फोटो बंद, टोपी काढायची, बोलणं हळू. दिव्यांच्या दालनात हजारो कंदील आहेत, त्यात दोन ज्योती १,००० वर्षांच्या आसपास तेवत ठेवल्यात असं सांगतात, एक सम्राटाने दिलेली आणि दुसरी एका गरीब मुलीने स्वतःचे केस विकून आई-वडिलांसाठी लावलेली. १०:१५ पर्यंत पुलाजवळ उभे राहा, पिवळ्या वस्त्रातले भिक्षू पांढरी लाकडी पेटी घेऊन येताना दिसतील. पेटीत जेवण असतं.

सकाळची प्रार्थना ६ किंवा ६:३० ला, अर्धा-पाऊण तास चालते. हॉल गरम केलेला नसतो, एप्रिलमध्येसुद्धा पाय गार पडतात, जाड मोजे दोन जोड घ्या, आईंना शाल. काही मठांत त्यानंतर होम असतो, एको-इनसारख्या ठिकाणी पाहुण्यांना शेजारी बसून बघता येतो, समिधा, तुपाऐवजी तेल, ज्वाला छतापर्यंत, आणि ढोल. त्याच मठात आदल्या दुपारी अजिकान नावाचं ध्यानही शिकवतात, समोर कमळावर सिद्धम् लिपीतला अ काढलेला असतो आणि त्याच्यावर मन लावायचं.

आता परतीचं, जे मला मुख्य सांगायचंय.

कोयासानवर १८७२ पर्यंत बायकांना प्रवेश नव्हता. सरकारने तेव्हा बंदी उठवली तरी प्रत्यक्षात ती पूर्ण जायला १९०६ उजाडलं. डोंगराच्या सात वाटांच्या तोंडाशी सात न्योनिन-दो (बायकांसाठीची दालनं) होते, बायकांनी तिथवर यायचं, तिथे रात्र काढायची, आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून लांबून देवळांचे कळस बघून परत जायचं. सातातला एकच उरलाय, तुमची बस वर जाताना त्याच्यासमोरूनच जाते, पहिलाच मोठा थांबा. मी बायकांच्या ग्रुपला तिथे नेहमी उतरवते. आणि कूकाईंची स्वतःची आई, शिकोकू बेटावरून मुलाला भेटायला आली ती म्हातारपणी, तिलाही वर येता आलं नाही. ती खाली पायथ्याशी राहिली, जिसोन-इन नावाच्या देवळात. मग मुलगा २० किलोमीटरच्या आसपासचा डोंगर उतरून यायचा आणि चढून परत जायचा, महिन्यातून नऊ वेळा असं सांगतात, त्यावरूनच त्या गावाला कुदोयामा म्हणतात. ती तिथेच वारली.

मुलाच्या त्या वाटेवर जिसोन-इनपासून वर गारानपर्यंत दर १०९ मीटरवर एक असे १८० दगडी खांब आहेत, १२६५ ते १२८५ या काळात उभारलेले, बरेचसे मूळचेच. सम्राट ही वाट चालत गेलेत. एक्स्प्रेस कुदोयामाला थांबत नाही, त्यामुळे कोयासान बघून आलेल्या बहुतेकांना ही गोष्टच माहीत नसते, ते वरचं मुलाचं घर बघतात आणि आईच्या दारावरून ६० च्या स्पीडने निघून जातात. तुम्ही आईंना घेऊन आलाय, तुम्ही थांबा.

ओकुनोइनवरून ११ च्या सुमाराला बस धरा, मग केबल कार, आणि गोकुराकुबाशीला हाशिमोतोकडे जाणारी साधी लोकल. पुढच्या डब्यात मुलीला मोटरमनच्या काचेमागे उभं करा. गोकुराकुबाशी ५३५ मीटरवर आहे आणि कोयाशिता स्टेशन १०८ मीटरवर, मधे फक्त दहाएक किलोमीटर अंतर, म्हणजे हजारी ५० चा उतार आहे काही ठिकाणी, दातेरी रुळाची मदत न घेता साध्या चाकांवर. त्यामुळे गाडी अगदी हळू जाते, वळणावर चाकं किंचाळतात, बोगदा, पूल, पुन्हा बोगदा, आणि देवदाराच्या फांद्या खिडकीला लागतील इतक्या जवळ. मधली किई-कामिया, किई-होसोकावा ही स्टेशनं जंगलात आहेत, कोणी चढत नाही, दार उघडतं, गार हवा आत येते, बंद होतं. एसी एक्स्प्रेसमध्ये झोपून हे घालवू नका. डब्यात पांढऱ्या कपड्यातले काठीवाले लोक दिसले तर ते शिकोकूच्या ८८ देवळांची यात्रा पूर्ण करून कूकाईंना सांगायला आलेले असतात, त्या काठीला ते कोबो दाईशी म्हणजे कूकाईच समजतात म्हणून ती पायाशी टाकत नाहीत, तुमची बॅग तिच्यावर ठेवू नका.

कुदोयामाला अर्ध्या तासात पोचाल. स्टेशन लालभडक आहे, सगळीकडे सहा नाण्यांची खूण, ती सानादा या लढवय्या घराण्याची. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत त्यांची बाजू हरल्यावर या घराण्यातल्या बाप-लेकांना इथे नजरकैदेत ठेवलं, बाप १६११ ला इथेच गेला आणि मुलगा युकिमुरा १६१४ ला निसटून ओसाका किल्ल्यात लढायला गेला. तुम्ही ओसाकात तो किल्ला बघितला असेल तर मुलीला हा धागा जोडून द्या. स्टेशनपासून जिसोन-इन चालत २५-३० मिनिटं, रस्ता गावातून आणि नदीच्या बाजूने, बराचसा सपाट. आईंना जमणार नसेल तर टॅक्सी आधीच ठरवा, मठातून निघतानाच तिथल्या भिक्षूंना फोन करायला सांगा, स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेल असं धरू नका.

देऊळ छोटं आहे. बायका इथे बाळंतपणासाठी, दुधासाठी, स्तनाच्या आजारातून बरं होण्यासाठी नवस करतात, कापडाचे शिवलेले स्तन लाकडी पाटीवर लावून टांगलेले असतात, रांगेने. पहिल्यांदा बघताना आपली माणसं नजर वळवतात, मग कळल्यावर परत येऊन हात जोडतात. आवारात एका पांढऱ्या कुत्र्याचा पुतळा आहे, गोन त्याचं नाव, हा खरा होता, १९८० च्या दशकात यात्रेकरूंच्या पुढे चालत त्यांना वाट दाखवत वर कोयासानपर्यंत न्यायचा आणि संध्याकाळी खाली यायचा. कूकाईंनाही एका पांढऱ्या आणि एका काळ्या कुत्र्याने डोंगर दाखवला अशी जुनी कथा आहे, त्यामुळे गावाने त्याला फार जीव लावला. देवळामागच्या दगडी पायऱ्यांवर १८० वा खांब आहे, तिथे मुलीला पाठवा, आईंनी खालीच बसायचं, पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वर आणखी एक मंदिर आहे ते सुटलं तरी चालेल. शरद ऋतूत गेलात तर गावात पर्सिमॉन विकायला असतात, वाकायामा प्रांत यासाठीच प्रसिद्ध, चौघांना एक पिशवी पुरते. पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेली सुशी मात्र घेऊ नका, आत मासा असतो.

३ च्या आसपास कुदोयामाहून निघा. वर-खाली गाड्या तासाला एक-दोनच असतात म्हणून आल्या आल्या स्टेशनवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. पुढचंच स्टेशन कामुरो, त्याच्या नावाच्या अक्षरांत शिक्षणाची वाट असं लिहिलेलं आहे, त्यामुळे परीक्षेला बसणारी मुलं इथलं प्लॅटफॉर्म तिकीट जपून ठेवतात. मग नदी ओलांडली की हाशिमोतो, इथे गाडी बदला, नांबाकडे जाणारी रॅपिड एक्स्प्रेस घ्या, तिला जास्तीचे पैसे नाहीत. नांबापर्यंत जायची गरज नाही, तेंगाचाया स्टेशनवर उतरा, हे फार कमी लोक सांगतात, कोया लाईन आणि एअरपोर्टकडे जाणारी लाईन दोन्ही तिथे आहेत, लिफ्ट आहे, फक्त फलाट बदलायचा. तिथून एअरपोर्ट एक्स्प्रेस पाऊण तासात किंवा रापित नावाची जलद गाडी घेतलीत तर त्याहून लवकर कान्साईला सोडते. म्हणजे ५, फार तर ५:३० ला एअरपोर्टवर, बॅगा कुरिअरच्या काउंटरवरून घ्या, आणि ११ च्या विमानाला भरपूर वेळ राहतो.

पाऊस जोरात असेल किंवा आईंचे पाय सकाळीच सुजलेले दिसले तर कुदोयामा सोडून द्या, पण लोकल तरीही सोडू नका, खिडकीतून उतार बघायला गुडघे लागत नाहीत. वादळाच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, डोंगरावरचा हा भाग दरड पडून बंद होऊ शकतो, शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी नानकाईची सर्व्हिस चालू आहे ना हे मठाच्या ऑफिसात विचारा, ते खात्रीने सांगतात, आणि बंद असेल तर पर्यायी बस कुठून सुटते तेही त्यांनाच माहीत असतं. तारीख ठरली की मठाचं नाव कळवा, तिथे जिने किती आणि खुर्च्या आहेत का ते मी सांगते.